रिकाम्या जागेकडे बघून बोलणारा मुलगा

१९६८ साली आलेल्या 'राजा और रंक' या हिंदी चित्रपटात एकच मुलगा दोन रूपांत वावरतो. एक राजपुत्र, दुसरा गरिबाघरचा पोर. मार्क ट्वेनच्या 'द प्रिन्स अँड द पॉपर' या कादंबरीवरून घेतलेली ही गोष्ट. आज असं दृश्य संगणकावर सहज जुळवता येतं. तेव्हा ते कॅमेऱ्यातच जुळवावं लागे. भिंगापुढे काळा पुठ्ठा लावून अर्धी चौकट झाकायची, उघड्या अर्ध्या भागात नटाला उभं करून चित्रण करायचं, मग फिल्म कॅमेऱ्यात मोजून मागे फिरवायची, नटाचे कपडे बदलायचे, झाकलेला भाग उघडायचा, उघडा भाग झाकायचा आणि त्याच फिल्मवर पुन्हा चित्रण करायचं. या सगळ्यात कॅमेरा केसभर हलला किंवा दिव्याचा उजेड थोडा बदलला, तरी चौकटीच्या मधोमध रेघ दिसायची आणि सगळी मेहनत वाया जायची.

नटाचं काम त्याहून अवघड. समोर कुणीच नाही आणि तरी कुणीतरी आहे असं धरून बोलायचं. नजर नेमकी तेवढ्याच उंचीवर ठेवायची. आपलं वाक्य संपल्यावर न आलेल्या उत्तराइतकं थांबायचं आणि ते उत्तर ऐकल्याचा भाव चेहऱ्यावर आणायचा. मोठ्या नटांची इथे तारांबळ उडते, आणि हा मुलगा जेमतेम चौदा वर्षांचा होता. त्याचं नाव महेश कोठारे.

पुढे या मुलाने दिग्दर्शक म्हणून बाटलीतला माणूस दाखवला, रागाने पेटलेली बाहुली दाखवली आणि मराठी पडद्यावरचा पहिला त्रिमिती चित्रपट काढला. आपल्याकडे कोठाऱ्यांबद्दल बोलताना लोक 'डॅम इट' या त्यांच्या पालुपदापाशी सुरुवात करतात आणि लक्ष्याच्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या, आठवणीपाशी थांबतात. दोन्ही गोष्टी मलाही प्रिय आहेत, पण त्यांच्या आड या माणसाचं खरं काम झाकलं गेलं आहे. निर्जीव वस्तूत जीव आहे असं प्रेक्षकाला वाटायला लावणं हे ॲनिमेशनचं मूळ काम. कोठाऱ्यांनी ते मराठी विनोदी चित्रपटाच्या पोटात आणून ठेवलं, आणि तेही अगदी बेताच्या पैशात. बालनट असताना अंगवळणी पडलेली शिस्त त्यामागे आहे, असं माझं ठाम मत आहे.

महेश कोठारे यांचा जन्म २८ सप्टेंबर १९५३चा. वडील अंबर कोठारे नाटकातले, त्यामुळे तालीम, प्रवेश, मेकअप हे शब्द मुलाच्या कानावर लहानपणापासूनच पडत होते. 'छोटा जवान' १९६३ साली आला. त्यानंतर 'राजा और रंक' आणि १९७०चा 'घर घर की कहानी'. या शेवटच्या चित्रपटात बलराज साहनी आणि निरुपा रॉय यांच्यासोबत तो आहे. मग बालनटांच्या वाट्याला येतो तो काळ आला. आवाज फुटतो, मिसरूड येते आणि कालपर्यंत गालगुच्चे घेणारे निर्माते ओळख दाखवेनासे होतात. हिंदी चित्रपटसृष्टीत असे कितीतरी 'मास्टर' आणि 'बेबी' सोळाव्या वर्षी निवृत्त झाले. कोठाऱ्यांनी कायद्याची पदवी घेतली, काही काळ वकिली केली, मोठेपणी मराठीत भूमिकाही केल्या. १९८४च्या 'लेक चालली सासरला'मध्ये ते आहेत. तरीही नट म्हणून त्यांची वाट तेव्हा मोकळी झालेली नव्हती.

इथे सचिन पिळगांवकरांची आठवण होणं साहजिक आहे. राजा परांजपे यांच्या 'हा माझा मार्ग एकला'मधून तेही त्याच सुमारास पडद्यावर आले, तेही पुढे दिग्दर्शक झाले आणि १९८८चा 'अशी ही बनवाबनवी' तर घराघरात पाठ आहे. दोघेही बालनट, दोघांनीही अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यावर विसंबून विनोद उभा केला. पण सचिन यांचा विनोद संवादात आणि प्रसंगाच्या गुंत्यात असतो. त्यांना चार भिंती आणि चार नट पुरतात. कोठाऱ्यांना तेवढ्यावर भागत नाही. त्यांना काहीतरी उडायला हवं असतं, फुटायला हवं असतं, लहान व्हायला नाहीतर अदृश्य व्हायला हवं असतं. प्रेक्षकातल्या दहा वर्षांच्या मुलासाठी ते चित्रपट काढतात आणि त्या मुलाला ते कधीही कमी लेखत नाहीत.

'धुमधडाका' १९८५चा. मूळ गोष्ट श्रीधर यांच्या 'काधलिक्क नेरमिल्लै' या १९६४च्या तमिळ चित्रपटाची. हिंदीत ती 'प्यार किये जा' म्हणून आधीच येऊन गेली होती. कोठाऱ्यांनी ती मराठी केली तेव्हा मराठी विनोदपटावर दादा कोंडके यांची छाया होती. दादांचा विनोद ग्रामीण, चावट आणि पूर्णपणे त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर. 'धुमधडाका'त मात्र विनोद वाटून दिलेला आहे. शरद तळवलकरांचा धनाजीराव वाकडे, अशोक सराफांचा यदुनाथ जवळकर, 'टूरटूर' नाटकातून नाव झालेले लक्ष्मीकांत बेर्डे. आणि दिग्दर्शक स्वतः? तो नायक आहे, पण हशे मिळवण्याच्या जागा त्याने इतरांना दिल्या आहेत. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लहानपणी सगळ्या दिव्यांचा उजेड ज्याच्या तोंडावर पडला, तो मोठेपणी चौकटीच्या कडेला उभा राहून दुसऱ्याला पुढे ढकलतो. पुढच्या जवळजवळ प्रत्येक चित्रपटात कोठारे हेच करतात. बहुतेकदा पोलीस, अंगात जॅकेट, चेहरा गंभीर. लक्ष्या घाबरून आरडाओरडा करतो आणि महेश त्याच्याकडे वैतागून बघतो. त्या वैतागामुळेच लक्ष्याची भीती आपल्याला खरी वाटते. सगळेच हसवायला लागले असते तर बाहुलीला कुणी घाबरलं नसतं.

१९८७च्या 'दे दणादण'मध्ये हवालदार लक्ष्याला अचाट शक्ती मिळते आणि लाल रंग दिसला की ती नाहीशी होते. ही कल्पना परदेशी चित्रपटातली, पण लाल रंगाची अट मराठी गावात आणली की काय काय होतं ते बघा. कुंकू लाल, लुगडं लाल, टपालपेटी लाल. गावात लाल रंगापासून पळायला जागाच नाही. यानंतर १९८९चा 'थरथराट', आणि मग १९९०चा 'धडाकेबाज', मराठीतला पहिला सिनेमास्कोप चित्रपट.

'धडाकेबाज'मध्ये बाटलीतला गंगाराम आहे. लक्ष्यासारखाच दिसणारा, वीतभर उंचीचा. म्हणजे पुन्हा दुहेरी भूमिका, आणि या वेळी दोघांच्या आकारातही फरक. संगणकाची मदत मराठी निर्मात्याच्या आवाक्यात नसतानाचा हा काळ आहे. अशा दृश्यासाठी एकाच नटाचं चित्रण दोन वेगवेगळ्या अंतरांवरून करावं लागतं, दोन्हींचा प्रकाश एकाच दिशेने यावा लागतो, आणि बेर्डे यांना हातातल्या रिकाम्या बाटलीकडे बघून अशा तऱ्हेने बोलावं लागतं की काचेपलीकडचा गंगाराम आपल्याला दिसायच्या आधीच त्यांना दिसलेला असला पाहिजे. बेर्डे यांचं कौतुक सगळे करतात ते उच्चारांच्या वेगासाठी. माझ्या मते त्यांची सगळ्यात मोठी करामत ही नजर आहे. आणि ही नजर नेमकी कुठे, किती वेळ ठेवायची हे सांगणारा दिग्दर्शक स्वतः चौदाव्या वर्षी तसाच रिकाम्या जागेकडे बघत उभा राहिलेला होता.

कॅमेऱ्यातल्या करामतींच्या या परंपरेचं मूळ बरंच मागचं आहे. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी वाटाण्याचं रोप उगवताना दाखवणारी छोटी फिल्म केली होती. रोज थोडं थोडं चित्रण करून महिनाभराची वाढ त्यांनी क्षणांत बसवली. १९१५च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज'मध्ये त्यांनी काडेपेटीतल्या काड्या नाचवल्या. काडी किंचित सरकवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायची. आणि याच फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'मध्ये आपल्या मुलाला, भालचंद्रला, रोहिदास केलं, आणि १९१९च्या 'कालिया मर्दन'मध्ये मुलगी मंदाकिनीला बाळकृष्ण केलं. बालनट आणि चित्रचलन ही दोन्ही आपल्याकडे एकाच घरात, एकाच माणसाच्या हाताखाली वाढली. प्रभात कंपनीत १९३४ साली 'जंबू काका' हा कार्टूनपट झाला. त्यानंतर मात्र मराठी चित्रपटाने हा धागा बऱ्याच अंशी सोडला. सामाजिक आशय, तमाशा, कौटुंबिक अश्रू यांना प्रतिष्ठा मिळाली आणि काड्या नाचवणं पोरकट ठरलं. कोठाऱ्यांनी तो धागा पुन्हा उचलला, आणि पोरकट हा शब्द लागेल म्हणून ते घाबरले नाहीत.

आता 'झपाटलेला'. वर्ष १९९३. गुंड तात्या विंचू मरताना मंत्राच्या बळावर आपला आत्मा एका बाहुलीत घालतो, आणि ती बाहुली बोलक्या बाहुल्यांचा नाद असलेल्या लक्ष्या बोळकेच्या घरी येते. 'चाइल्ड्स प्ले' या १९८८च्या अमेरिकी चित्रपटाशी असलेलं नातं उघड आहे आणि ते लपवायचं कारण नाही. तिकडे बाहुलीसाठी यंत्रं आणि ती चालवणारा मोठा ताफा होता. इकडे रामदास पाध्ये होते. त्यांचे वडील यशवंत पाध्ये यांनी अर्धवटराव हा बोलका बाहुला उभा केला. रामदास यांनी अभियांत्रिकीचं शिक्षण घेऊनही आयुष्य शब्दभ्रमाला दिलं. म्हणजे यंत्र आणि बाहुली ही दोन्ही अंगं एकाच माणसाला अवगत होती. कोठाऱ्यांना याहून योग्य माणूस देशात मिळाला नसता.

बोलक्या बाहुलीचं अंतरंग जवळून बघितलं तर त्यातली मेहनत कळते. डोकं पोकळ असतं आणि मानेखाली दांडा असतो. दांड्यावरच्या एका कळीने खालचा जबडा हलतो, दुसरीने बुबुळं, तिसरीने भुवया. चालवणाऱ्याचा अंगठा एक काम करतो तेव्हा तर्जनी दुसरं करत असते. रंगमंचावर बाहुली मांडीवर बसते आणि चालवणारा शेजारी दिसतो, त्यामुळे प्रेक्षक अर्धी बाजू स्वतःच सांभाळून घेतो. चित्रपटात चालवणारा दिसून चालत नाही. त्याला पलंगाखाली, टेबलामागे, चौकटीच्या बाहेर दडवावं लागतं आणि कॅमेरा लावतानाच आधी त्याच्या हाताची जागा ठरवावी लागते. तात्या विंचूला चेहरा आणि हालचाल मिळाली पाध्ये यांच्याकडून, आवाज मिळाला दिलीप प्रभावळकरांचा. माणूस असलेला तात्याही प्रभावळकरांनीच केला, त्यामुळे बाहुलीच्या तोंडून तो आवाज आला की आत कोण शिरलंय हे वेगळं सांगावं लागत नाही. शेवटचा तुकडा संकलकाच्या टेबलावर जुळतो. बाहुली डोळा फिरवते, लगेच लक्ष्याचा पांढराफटक चेहरा, लगेच पुन्हा बाहुली. मधला जीव आपण घालतो.

आणि मंत्र, बाबा चमत्कार, विधवा आई, खाकी चड्डीतला हवालदार, भुवयांच्या मधोमध गोळी घालायची अट, या सगळ्याचं रंगरूप इथलंच. तात्या विंचूची भीती अशी गावच्या ओट्यावर येऊन बसते. 'खिलौना बना खलनायक' म्हणून हा चित्रपट हिंदीतही गेला.

नागपुरात राहून हे लिहिताना मला आणखी एक गोष्ट दिसते, आणि मुंबई-पुण्याच्या समीक्षकांना ती दिसण्याचं कारण नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, या शहरात मारबत निघते. काळी मारबत आणि पिवळी मारबत. बांबू, कागद, कापड यांचे अक्राळविक्राळ पुतळे. ही प्रथा १८८०च्या दशकापासून चालत आली आहे. काळी मारबत इंग्रजांना सामील झालेल्या, भोसले घराण्यातल्या बांकाबाईची, असं परंपरा सांगते. इतवारीच्या गल्ल्यांतून ती जाते तेव्हा घरातली इडापीडा, खोकला, रोगराई घेऊन जा असा गजर होतो आणि बाया लेकरांना तिच्या पायाखालून नेतात. तिच्या मागोमाग बडगे, म्हणजे टर उडवणारे पुतळे, निघतात. महागाईचा बडगा, भ्रष्टाचाराचा बडगा, त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला असेल त्याचा बडगा. एकाच मिरवणुकीत एक पुतळा घाबरवतो आणि दुसरा हसवतो, आणि शेवटी दोन्ही शहराबाहेर जाळले जातात. ज्या पोराने लहानपणी बापाच्या खांद्यावरून हे बघितलंय, त्याला तात्या विंचू परका कसा वाटेल? बाहुलीत वाईट शक्ती शिरते, ती खदखदा हसवते, घाबरवते आणि अखेर नष्ट होते, हा व्याकरणाचा पाठ त्याने चित्रपटगृहात जायच्या आधीच गिरवलेला असतो. पलीकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या झाडीपट्टीत दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं रात्रभर रंगतात. तिथेही भूत आणि सोंगाड्या एकाच रंगमंचावर येतात.

या शहराचा मुलांच्या रंगभूमीशीही जुना संबंध आहे. 'कट्यार काळजात घुसली' लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तर नागपूरचे, आणि मुलांना रंगमंचावर उभं करण्याचं काम त्यांनी मन लावून केलं. मुलाला नटवणं आणि मुलासाठी नाटक करणं यातला फरक त्यांना ठाऊक होता. कोठाऱ्यांच्या चित्रपटांकडे त्या फरकाच्या उजेडात बघायला हवं.

या चित्रपटांत दोष आहेत, आणि त्यांच्यावरचे लेख एकत्र करणाऱ्या या पुस्तकात ते स्पष्ट मांडले आहेत याचा मला आनंद आहे. नायिकांना या चित्रपटांत गाण्यापलीकडे फारसं काम नाही. मारामाऱ्या लांबतात. कुबड, टक्कल अशा शरीराच्या व्यंगांवरून खलनायकांची नावं ठेवली आहेत. बारा वर्षांच्या मुलाला ती पाठ होतात हे खरं, पण वर्गातल्या एखाद्या पोराला त्या नावाने हाक मारली जाते हेही तितकंच खरं. गोष्टी बऱ्याचदा उसन्या आहेत. यावर माझं म्हणणं एवढंच की उसनी गोष्ट कुणीही आणू शकतो, उसनी बाहुली हलवून दाखवणं मात्र कुणालाही जमत नाही. कौशल्याचा हिशोब गोष्टीच्या हिशोबापासून वेगळा मांडला पाहिजे.

१९९४च्या 'माझा छकुला'त कोठाऱ्यांनी आपल्या मुलाला, आदिनाथला, कॅमेऱ्यासमोर आणलं. बालनट राहिलेला बाप बालनट मुलाला दिग्दर्शन करतो, हा योग आपल्याकडे दुर्मीळ. तोच आदिनाथ २०१३च्या 'झपाटलेला २'मध्ये नायक झाला आणि पुढे 'पाणी' हा चित्रपट त्याने स्वतः दिग्दर्शित केला. 'झपाटलेला २' हा मराठीतला पहिला त्रिमिती चित्रपट. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी गेले होते, त्यांची उणीव त्यात पदोपदी जाणवते. 'झपाटलेला २'च्या आधी २००४च्या 'पछाडलेला'त भुताचा वाडा आहे, आणि २०१४ ते २०१७ या काळात दूरचित्रवाणीवर आलेल्या त्यांच्या 'जय मल्हार'मध्ये दैवी चमत्कार संगणकावर घडवलेले आहेत. प्रभावाच्या दृष्टीने मला 'जय मल्हार' मोठा वाटतो, कारण खंडोबाच्या पालखीपुढे नाचणाऱ्या घरांत त्याने दृश्य-परिणामांची सवय लावली. पण हाताने चालवलेल्या बाहुलीची धग त्यात नाही.

या पुस्तकातले बहुतेक लेखक विदर्भातले आहेत, आणि त्यातले निम्मे ॲनिमेशन शिकणारे. त्यांनी हे चित्रपट घरच्या टीव्हीवर बघितले, दुपारी, शाळेला सुट्टी असताना, एकाच चित्रपटाची अनेक पारायणं करत. चित्रपटगृहात एकदाच बघणाऱ्याला जे निसटतं ते अशा पारायणांत हाताला लागतं. कुठे तार दिसते, कुठे सावली चुकते, कुठे बाहुलीचा हात दोन चौकटींत वेगवेगळा आहे, हे त्यांनी टिपून ठेवलं आहे. या नोंदींमागे प्रेम आहे, म्हणून त्या निर्दय असूनही बोचत नाहीत.

वाचकाने हे लेख क्रमाने वाचायची गरज नाही. ज्यांना पाध्ये यांच्या कामाची ओढ आहे त्यांनी बाहुलीच्या रचनेवरचा लेख आधी घ्यावा, त्यातल्या आकृत्या हाताने काढलेल्या आहेत आणि नीट समजतात. संकलनावरचा लेख थोडा अवघड आहे, पण दम धरून वाचावा. आणि 'धडाकेबाज'वरचा लेख वाचण्यापूर्वी तो चित्रपट लावून गंगारामाची दृश्यं एकदा आवाज पूर्ण बंद करून बघावीत. संवाद नसताना बेर्डे यांची मान कुठे वळते आणि डोळे कुठे थांबतात तेवढंच बघावं. लेखातला सगळा युक्तिवाद त्या नजरेवर उभा आहे.

नागपूर